मेडिकलला जाण्याआधी: नागपूर जिल्ह्यात पहिला दवाखाना कोणता आणि तो कसा वापरायचा

उमरेड-भिवापूरकडून पहाटेची एसटी पकडून बीपीच्या गोळ्यांसाठी मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, येणारे लोक आजही आहेत. आधी केसपेपरची रांग, मग ओपीडीची, मग औषधाची. दुपारी हातात पडतात त्या अ‍ॅम्लोडिपिनच्या गोळ्या, ज्या गावाजवळच्या पीएचसीतही (प्राथमिक आरोग्य केंद्रातही) मिळाल्या असत्या. मजुरी बुडाली ती वेगळीच. उलटही घडतं. सिकलसेलचा (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा) पेशंट ताप अंगावर काढत गावात दोन दिवस बसून राहतो, कारण ‘एवढ्यासाठी कशाला नागपूर’.

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. सरकारी आरोग्यसेवा म्हणजे एकच मोठा दवाखाना आणि त्याच्या शाखा, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात नागपुरात या दवाखान्यांचे मालक वेगवेगळे आहेत. एकाचा कागद दुसऱ्याकडे आपोआप पोचत नाही.

मालक कोण, ते आधी बघा

गावातलं उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. त्यांच्यावर तालुका आरोग्य अधिकारी आणि वर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, रामटेक-कामठीसारखी उपजिल्हा रुग्णालयं आणि गांधीबागेजवळचं डागा स्त्री रुग्णालय ही राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची. शहरातली नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रं महापालिकेची. मेडिकल आणि मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) वैद्यकीय शिक्षण विभागाचे. मिहानमधलं एम्स केंद्र सरकारचं. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत काम करणाऱ्याचा पगार महिन्याला २१,००० रुपयांच्या आत असेल आणि ईएसआय (कामगार विम्याचा हप्ता) कापला जात असेल, तर त्याच्यासाठी विमा दवाखान्याचं दार आणखी वेगळं.

हे पाठ करायची गरज नाही, पण परिणाम लक्षात ठेवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत झालं. तो निर्णय मेडिकल आणि मेयोला लागू नव्हता. ‘सरकारी म्हणजे फुकट’ असं समजून तिथे गेलेला माणूस खिडकीवर पैसे मागितले की भांडतो. खिडकीवरच्याची चूक नसते, खातं वेगळं असतं. तक्रारीचंही तसंच. पीएचसीत औषध नाही म्हणून सिव्हिल सर्जनच्या (राज्याच्या रुग्णालयांच्या जिल्हा प्रमुखाच्या) कार्यालयात अर्ज दिला, तर तो टेबलावरून टेबलावर फिरत राहतो.

गावात: उपकेंद्रापासून सुरुवात

सपाट भागात साधारण ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकसंख्येला एक पीएचसी, असा निकष आहे. आदिवासी आणि डोंगराळ भागात हेच आकडे ३,००० आणि २०,००० होतात. बहुतेक उपकेंद्रांवर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी आहे. रस्त्यात विचारायचं असेल तर मात्र ‘उपकेंद्र कुठे?’ असंच विचारा, लोक त्याच नावाने ओळखतात.

तिथे समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे सीएचओ, आरोग्यसेविका आणि आरोग्यसेवक असतात. एमबीबीएस डॉक्टर तिथे नसतो, आणि असावा अशी रचनाही नाही. उपकेंद्राच्या यादीत शंभराहून थोडी जास्त औषधं आणि १४ तपासण्या आहेत, पीएचसीच्या यादीत १७२ औषधं आणि ६३ तपासण्या. सगळ्या तपासण्या जागेवर होत नाहीत. बरेचदा पीएचसीत रक्ताचा नमुना घेतात, तो महालॅब या सरकारने नेमलेल्या प्रयोगशाळेकडे जातो आणि रिपोर्ट नंतर येतो. म्हणून ‘रिपोर्ट आला की या’ एवढ्यावर उठू नका. तारीख विचारा आणि आपला मोबाइल नंबर बरोबर लिहिला आहे ना, ते बघा. नंबर चुकल्यामुळे रिपोर्ट पडून राहणं फार नेहमीचं आहे.

सीएचओ काय करू शकते? बीपी-शुगरचा ज्या पेशंटचा इलाज एकदा डॉक्टरने ठरवून दिला आहे, त्याच्या गोळ्या दर महिन्याला देणं, बीपी-शुगर तपासणं, जखमेचं ड्रेसिंग, साधा ताप-खोकला-हगवण. अडलं तर ई-संजीवनीवरून डॉक्टरशी व्हिडिओवर बोलणं करून देते. ही सोय कामाची आहे, पण पोट दाबून बघावं लागतं किंवा छातीला स्टेथोस्कोप लावावा लागतो अशा तक्रारीला नाही. त्वचेचा आजार, जुन्या औषधाचा डोस, रिपोर्ट दाखवणं यासाठी मात्र नागपूरची एक फेरी वाचते.

उपकेंद्राला कुलूप दिसलं म्हणजे कर्मचारी गायब, असं लगेच समजू नका. लसीकरण, अंगणवाडी भेट, पीएचसीतली बैठक यांसाठी आठवड्यातले काही दिवस ते बाहेरच असतात. आदल्या दिवशी आशाताईला फोन करून विचारणं हाच खात्रीचा उपाय. साधारण हजार लोकांमागे एक आशा असते आणि कोण कधी बसणार हे तिला माहीत असतं.

पीएचसीची ओपीडी सकाळ आणि संध्याकाळ अशी दोन सत्रांत चालते. नेमकी वेळ बाहेरच्या फलकावर असते आणि उन्हाळ्यात बदलू शकते. गावच्या बाजाराचा दिवस टाळा. त्या दिवशी भाजी आणि दवाखाना एकाच फेरीत उरकायला सगळी पंचक्रोशी येते आणि डॉक्टरला प्रत्येकामागे दोन मिनिटंही मिळत नाहीत.

शहरात

महापालिकेचे दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आसीनगर, मंगळवारी. साधारण ५०,००० लोकसंख्येला एक नागरी पीएचसी असा निकष आहे. तुमचा भाग कोणत्या केंद्राकडे येतो हे झोन कार्यालयात कळतं, पण अंगणवाडीसेविका किंवा वस्तीतली आशा जास्त लवकर सांगते. लसीकरण, गरोदर मातेची नोंद आणि टीबीचं औषध यांसाठी आपल्याच केंद्रात जाणं सोयीचं, कारण पाठपुरावा तिथूनच होतो. साध्या तापाला कोणतंही केंद्र चालतं.

दिवसभर कामावर असणाऱ्यांसाठी ‘आपला दवाखाना’ बरा, त्याची वेळ दुपारनंतर सुरू होऊन रात्रीपर्यंत असते. नागरी पीएचसीत भरती करण्याची सोय नसते. भरतीची पाळी आली तर महापालिकेची स्वतःची रुग्णालयं आहेत, जसं गांधीनगरचं इंदिरा गांधी रुग्णालय किंवा बाळंतपणासाठी पाचपावलीचं सूतिकागृह.

पहिली भेट नीट कशी करायची

सोबत न्यायच्या गोष्टी थोड्याच: आधार, आभा नंबर (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक, १४ अंकी) असेल तर तो, जुने रिपोर्ट आणि घरी चालू असलेल्या सगळ्या गोळ्या त्यांच्या पाकिटांसकट. ‘ती गुलाबी गोळी’ यावरून डॉक्टरला काहीच कळत नाही. पाकीट फाडताना नाव आणि मिलिग्रॅम लिहिलेला भाग शेवटपर्यंत ठेवा.

बीपी मोजायचं असेल तर अर्धा तास आधी चहा, बिडी, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) बंद. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. हात छातीच्या पातळीवर ठेवा आणि मोजताना बोलू नका. सायकल मारत आलेल्या माणसाचं बीपी लगेच मोजलं की १५०-१६० येतं आणि विनाकारण गोळी सुरू होते. पहिलं मोजमाप १४०/९० किंवा वर आलं तर थोड्या वेळाने पुन्हा मोजायला सांगा, आणि दुसऱ्या दिवशीही.

वय ३० च्या वर असेल तर आशा एक फॉर्म भरून घेते: तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरातला आजार. त्याचे गुण ४ पेक्षा जास्त आले की तपासणीला प्राधान्याने बोलावतात. पण कमी आले तरी वर्षातून एकदा बीपी-शुगर करून घ्यावी. याच भेटीत तोंडाची तपासणीही होते आणि विदर्भात ती सोडू नये. खर्रा खाणाऱ्याने आरशासमोर आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का ते बघावं. जात नसतील, किंवा गालाच्या आत पांढरा वा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरणारा फोड असेल, तर पीएचसीची चिठ्ठी घेऊन शासकीय दंत महाविद्यालय गाठा. स्त्रियांसाठी स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी याच कार्यक्रमात आहे. लाजेमुळे ती राहून जाते. सिस्टर किंवा महिला डॉक्टर कोणत्या दिवशी असते ते आधी विचारून जा.

बीपी-शुगरच्या गोळ्या साधारण ३० दिवसांच्या मिळतात. संपायच्या पाच दिवस आधी जा, संपल्यावर नाही. मोठ्या रुग्णालयातून कंपनीच्या नावाने औषध लिहून आलं तर फार्मासिस्टला मूळ औषधाचं नाव जुळवायला सांगा. दोन औषधं एकत्र असलेली गोळी सरकारी साठ्यात नसेल तर तीच औषधं दोन वेगळ्या गोळ्यांत देतात. तेव्हा ‘हे औषध वेगळं आहे’ म्हणून घरची जुनी गोळीसुद्धा चालू ठेवणं धोक्याचं, डोस दुप्पट होतो. असे पेशंट चक्कर येऊन पडल्यावरच परत येतात.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त असेल तर खोकल्याचं सिरप मागू नका, थुंकीची तपासणी मागा. दोन नमुने लागतात, एक जागेवर आणि एक सकाळी उठल्या-उठल्याचा. छातीतून खाकरून काढलेला घट्ट बेडका हवा. नुसती लाळ दिली तर रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो आणि आजार तसाच राहतो. टीबी निघाला तर औषध किमान सहा महिने. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिना १,००० रुपये बँक खात्यात जमा होतात, पण खातं आधारशी जोडलेलं नसेल तर अडकतात.

गरोदर माता आणि सिकलसेल: बारा आठवड्यांचा हिशेब

पाळी चुकली की पहिल्या बारा आठवड्यांत नोंद करा, असं सिस्टर सारखं का सांगते? सरकारी आकड्यांसाठी, असा अनेकांचा समज आहे. नागपूरकडे त्याला एक पक्कं कारण आहे: सिकलसेल.

साधी चाचणी म्हणजे सोल्युबिलिटी. रक्ताचा थेंब द्रावणात टाकला आणि ते गढूळ झालं तर सिकलचं हिमोग्लोबिन आहे. पण माणूस नुसता वाहक आहे (स्वतः आजारी नाही, पण मुलांना देऊ शकतो) की आजारी, हे या चाचणीतून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची सोल्युबिलिटी भरवशाची नाही. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर ते आवर्जून सांगा, नाहीतर दुसऱ्याच्या रक्ताचा रिपोर्ट येतो. पत्नी वाहक निघाली की नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के. पोटातल्या बाळाची तपासणी करायची तर वारेचा नमुना साधारण १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास घेतात. पाचव्या महिन्यात नोंद झाली तर ही वाट जवळपास बंद झालेली असते. लग्न ठरवतानाच दोन्हीकडचे सिकलसेल तपासणीचे कार्ड बघणं सगळ्यात सोपं, पण ते प्रत्यक्षात कमीच घडतं.

सिकलसेलच्या पेशंटला फोलिक अ‍ॅसिड आणि डॉक्टरने ठरवलं असेल तर हायड्रॉक्सियुरिया रोज घ्यावी लागते. हायड्रॉक्सियुरियावर असताना रक्ताची तपासणी ठरलेल्या अंतराने करावीच लागते, कारण पेशी कमी होऊ शकतात. हातापायाच्या दुखण्याला भरपूर पाणी, ऊब आणि वेदनाशामक. मात्र ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर, छातीत दुखणं, धाप, एकदम पांढरं पडणं किंवा बोलण्यात-चालण्यात फरक दिसला तर घरी थांबू नका.

नोंदीनंतर किमान चार तपासण्या व्हायला हव्यात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर गरोदर मातांना तपासतात, त्यातली एक तरी चुकवू नका. चौथ्या महिन्यापासून लोहाची रोज एक गोळी, किमान १८० दिवस, आणि कॅल्शियमच्या रोज दोन. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही. लोहाची गोळी चहासोबतही नको. शौच काळी होते, ती लोहामुळेच, घाबरून बंद करू नका. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर गोळ्यांवर न थांबता मोठ्या रुग्णालयात जावं लागतं.

बाळंतपण कुठे करायचं हे सातव्या महिन्यातच ठरवा. आधीचं सिझेरियन, जुळं, वाढलेलं बीपी, सिकलसेल, पायाळू बाळ यांपैकी काहीही असेल तर पीएचसी ही जागा नव्हे. उपजिल्हा रुग्णालय, डागा किंवा मेडिकल-मेयो ठरवून ठेवा. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरून रुग्णालयात नेणं, तिथून पुढे पाठवणं आणि परत घरी सोडणं, हे तिन्ही मोफत आहे. त्यासाठी १०२.

पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. कागद अडतो तो नावावर. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, असं असेल तर गरोदरपणातच दुरुस्ती सुरू करा.

लसीकरण ठरावीक दिवशीच का

बीसीजी आणि गोवर-रुबेलाची कुपी सोबतच्या द्रावणात कालवली की चार तासांत वापरावी लागते, उरली तर फेकायची. एका बाळासाठी कुपी फोडायला सिस्टर कचरते ती यामुळे. पेंटासारख्या (पाच आजारांवरची एकत्र लस) लशींच्या उघडलेल्या कुप्या नीट थंड ठेवल्या तर २८ दिवसांपर्यंत चालतात. म्हणून ठरल्या दिवशी, सकाळी लवकर जा. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. पेंटानंतर ताप येऊ शकतो, पॅरासिटामॉलचा डोस बाळाच्या वजनाप्रमाणे लिहून घ्या. तारीख चुकली तर मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, जिथे थांबली तिथून पुढे जाते. पण कार्ड हरवलं की सगळंच कठीण. कार्डाचा फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

चिठ्ठी

मालक वेगळे, संगणक वेगळे. म्हणून पीएचसीतून मेडिकलपर्यंत तुमची माहिती नेणारा खरा कागद म्हणजे रेफरलची चिठ्ठी. ‘पुढील उपचारासाठी पाठवीत आहे’ एवढीच ओळ असेल तर ती नसल्यासारखीच. निघण्याआधी बघा: काय तक्रार, किती दिवसांची, आज मोजलेलं बीपी-नाडी-शुगर, कोणतं औषध किती वाजता दिलं, कशासाठी पाठवलं, आणि पाठवणाऱ्याचा फोन नंबर. गरोदर बाईच्या चिठ्ठीत शेवटच्या पाळीची तारीख, रक्तगट आणि हिमोग्लोबिन हवं. काही राहिलं असेल तर सरळ मागा. डॉक्टर चिडले तरी चालेल, कॅज्युअल्टीत रात्री अकराला ही माहिती कोणालाच आठवत नाही.

परतीची चिठ्ठी आणखी दुर्मीळ. सुट्टी मिळाली की डिस्चार्ज कार्ड तीन दिवसांत आपल्या पीएचसीत किंवा उपकेंद्रात दाखवा, त्यावरून पुढच्या गोळ्या तिथूनच सुरू होतील. ऑपरेशनचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होतानाच विचारा. रेशनकार्ड आणि आधार दाखवावं लागतं. ही योजना ओपीडीच्या गोळ्यांना लागू नाही. त्या गोळ्यांसाठी मेडिकलला जाण्यात अर्थ नाही.

जिथे पायऱ्या चढत बसायचं नाही

साप चावला तर १०८ लावा आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असलेला जवळचा सरकारी दवाखाना गाठा. दोरी करकचून बांधू नका, चिरू नका, चावलेला हात किंवा पाय हलवू नका. तिथे रक्त २० मिनिटं काचेच्या नळीत ठेवून गोठतं का ते बघतात, तेवढा वेळ ‘नुसतं बसवून ठेवलं’ म्हणून पेशंट उचलून नेऊ नका.

कुत्रं चावलं तर आधी नळाखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा. मिरची-हळद नको. कातडीत देण्याच्या लशीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. जखमेतून रक्त आलं असेल तर लशीसोबत जखमेत द्यायचं सीरमही लागतं. ते छोट्या केंद्रात नसेल तर पहिली लस तिथेच घेऊन सीरमसाठी लगेच मोठ्या रुग्णालयात जा.

तोंड वाकडं होणं, एक बाजू लुळी पडणं, बोलणं अडखळणं: थेट मोठं रुग्णालय, कारण मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. पेशंट शेवटचा कधी ठीक होता ती वेळ लिहून घ्या.

एप्रिल-मेमध्ये ऊन लागलेला माणूस बरळत असेल किंवा अंग भट्टीसारखं असूनही घाम नसेल, तर गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन अंगावर पाणी आणि वारा सुरू करा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. आणि पावसाळ्यात ताप अंगावर काढू नका. २०१८ मध्ये नागपूर परिसरात स्क्रब टायफसची (बारीक किडा चावून येणाऱ्या तापाची) साथ आली होती. काखेत, जांघेत, कमरेला सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली आहे का ते कपडे काढून बघावं लागतं. डॉक्टरने नाही बघितलं तर तुम्ही दाखवा. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध त्यावर चालतं, पण उशीर झाला की आयसीयू.

औषध नाही म्हणाले तर

आधी फार्मासिस्टला विचारा की पुढचा साठा कधी आणि त्याऐवजी काय चालेल. वारंवार तेच होत असेल तर तोंडी वाद घालण्यापेक्षा तारीख आणि औषधाचं नाव लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या. पीएचसीचा अर्ज तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे, नागरी केंद्राचा महापालिकेच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याकडे. पीएचसीला रुग्ण कल्याण समिती असते आणि तिच्या हातात किरकोळ खरेदी-दुरुस्तीसाठी थोडा निधी असतो. बंद पडलेलं बीपीचं यंत्र, पिण्याचं पाणी, बाळंतिणीच्या खोलीतला पंखा ही कामं त्यातूनच होतात. उपकेंद्राला जन आरोग्य समिती असते आणि सरपंच तिच्यावर असतात. सदस्य कोण आहेत हे बहुतेक गावांत सदस्यांनाही माहीत नसतं. ग्रामसभेत नावं वाचून दाखवायला सांगा आणि शेवटची बैठक कधी झाली, ते प्रोसिडिंग बुकात बघा.